प्राणवायूचे पुनरागमन : प्राण्यांच्या प्रतिऑक्सिडीकारक संरक्षणाविषयी काही विचार

पुण्याच्या नैर्ऋत्य अंगास, एका काठावर कर्वेनगर व समोरच्या काठावर विठ्ठलवाडी ठेवून, मुठा नदी शहरात प्रवेश करते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली आपला बालिकाश्रम येथे आणला, तेव्हा हिंगणे हे शहरापासून दूर असलेले एक खेडे होते. त्या खेड्याचे आता उपनगर झाले आहे आणि नदीचे स्वरूपही पालटले आहे. वरच्या अंगास १८७९ साली पूर्ण झालेले खडकवासल्याचे धरण आहे. पावसाळा सरला की धरणाखालच्या पात्रात सोडले जाणारे पाणी अत्यल्प असते, आणि मग पात्रातून जे वाहते त्यात नाल्यांचा व सांडपाण्याचा वाटा मोठा असतो. अशा पाण्यात उन्हाळ्यातील पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करतात. काठावरचा माणूस त्याचा अर्थ बरोबर लावतो : पाण्यात हवा उरलेली नाही. दिवस वर आला की मासे पुन्हा खाली जातात, आणि पाहणाऱ्याच्या मते संकट तेथेच संपते.

प्राणिशरीरशास्त्राचे उत्तर मात्र निराळे आहे. प्राणवायूच्या उणिवेने माशाच्या शरीरात जी घडामोड होते तिचा अर्धा भाग पहाटेचा असून उरलेला अर्धा सूर्योदयानंतरचा आहे. उणीव ही एक आपत्ती खरीच. परंतु उणिवेनंतर प्राणवायू एकाएकी परत येणे ही दुसरी आपत्ती होय, आणि पुष्कळ प्राण्यांच्या बाबतीत पेशींची प्रत्यक्ष नासधूस या दुसऱ्या वेळीच अधिक होते. जे प्राणी अशा आवर्तनांत टिकून राहतात, ते प्राणवायू नसतानाच त्याच्या परतण्याला तोंड देण्याची सामग्री बाळगून असतात, असे गेल्या तीसएक वर्षांतील संशोधनातून दिसून आले आहे. हे कसे घडते, त्यास कोणते अपवाद आहेत, आणि मुठेसारख्या नदीतील माशांचे परीक्षण करू पाहणाऱ्यास याचा विचार का करावा लागतो, याचे विवेचन येथे योजले आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण या विषयातील गोंधळाचे एक मूळ शब्दांत आहे. मराठीत रूढ झालेला ‘प्राणवायू’ हा शब्द जुना आहे. प्राण, अपान, व्यान, उदान व समान या पंचवायूंपैकी पहिल्याचे नाव आधुनिक रसायनशास्त्रातील एका मूलद्रव्यास देण्यात आले, आणि त्या नावाबरोबर ‘जीव धारण करणारा’ हा अर्थही त्या द्रव्यास चिकटला. युरोपीय नाव याहून भाग्यवान नाही. ‘ऑक्सिजन’ म्हणजे आम्लजनक, आणि प्रत्येक आम्लात हे द्रव्य असतेच हा लाव्हाझ्येचा समज पुढे चुकीचा ठरला. दोन्ही नावे द्रव्याच्या एकेका अंगाकडेच बोट दाखवतात. लाकूड जाळणारे, लोखंड गंजवणारे आणि तेल खवट करणारे द्रव्यही हेच, ही गोष्ट ‘प्राणवायू’ या मंगल नावाखाली झाकली जाते. उणिवेच्या अवस्थेस ‘अल्पप्राण’ म्हणण्याचा मोह होतो. पण क, ग, च, ज या वर्णांनी ती संज्ञा आधीच व्यापली आहे, आणि व्याकरणाच्या वर्गातून जीवशास्त्राच्या वर्गात गेलेल्या विद्यार्थ्यावर तेवढी दया करणे बरे. म्हणून येथे ‘प्राणवायूची उणीव’ असाच साधा शब्दप्रयोग केला आहे.

आता या द्रव्याच्या दाहक अंगाचे स्वरूप पाहू जाता असे दिसते की, प्राण्याच्या पेशीतील तंतुकणिका अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने खाली आणतात व शेवटी ते प्राणवायूच्या स्वाधीन करतात. प्राणवायूचा एक रेणू चार इलेक्ट्रॉन घेऊन पाणी बनतो. चारही इलेक्ट्रॉन अखेरच्या स्थानी एकत्र पोहोचले तर काहीच बिघडत नाही. परंतु वाटेत एखादा इलेक्ट्रॉन निसटून एकट्यानेच प्राणवायूला चिकटला, तर सुपरऑक्साइड हा मुक्त मूलक निर्माण होतो. त्याचे पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होते. आणि त्यास लोहाचा सुटा अणू भेटला तर हायड्रॉक्सिल मूलक जन्मतो. हा शेवटचा मूलक सर्वांत दाहक. तो ज्या स्थानी जन्मतो तेथील जे मिळेल त्याचे ऑक्सिडीकरण करतो, मग ते पेशीपटलातील मेद असो, प्रथिन असो वा डीएनए असो. प्राणवायूची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोन्हींच्या मुळाशी असेच मूलक असावेत, हे प्रतिपादन रेबेका गेर्शमन व त्यांचे सहकारी यांनी १९५४ साली केले. त्या काळी ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. सजीव पेशीत मुक्त मूलक नित्य निर्माण होत असतील, ही कल्पनाच विचित्र वाटत होती.

ती कल्पना मान्य होण्यास एका विकराचा शोध कारण झाला. रक्तातील तांबे असलेले एक निळसर प्रथिन १९३० नंतरच्या दशकातच वेगळे करण्यात आले होते. त्यास तांब्याचा साठा समजून बाजूस ठेवलेले होते. १९६९ साली जो मॅकॉर्ड व आयर्विन फ्रिडोविच यांनी दाखवून दिले की, सुपरऑक्साइडचे निराकरण करणे हे या प्रथिनाचे काम आहे. निराकरण करणारे विकर आहे, त्याअर्थी निराकरणीय द्रव्यही पेशीत असलेच पाहिजे, असा तर्क त्यातून सरळ निघाला. या विकरास सुपरऑक्साइड डिसम्युटेज म्हणतात. त्याच्या क्रियेतून हायड्रोजन पेरॉक्साइड उरते. त्याचे पाणी व प्राणवायू यांत विघटन करणारे कॅटालेज हे विकर विसाव्या शतकाच्या आरंभापासून ठाऊक होते, आणि तेच काम ग्लुटाथायोन या लहानशा रेणूच्या साहाय्याने करणारे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज १९५७ साली ज्ञात झाले. वापरले गेलेले ग्लुटाथायोन पुन्हा कामाजोगे करण्यास आणखी एक विकर लागते, आणि त्या विकरास लागणारी शक्ती शर्करेच्या एका विशिष्ट विघटनमार्गातून पुरवली जाते. क व ई ही जीवनसत्त्वे यांच्या जोडीला आहेत. सारांश, ‘प्रतिऑक्सिडीकारक’ या शब्दातील ‘प्रति’ या उपसर्गाने एखाद्या ढालीचे चित्र मनात उभे राहत असले, तरी वस्तुस्थिती एखाद्या पेढीच्या जमाखर्चासारखी आहे : मूलकांची आवक व निराकरण यांचा मेळ बसला तर पेशी सुरक्षित, आवक वाढली तर ऑक्सिडीकारक ताण. ‘ऑक्सिडीकारक ताण’ ही संज्ञा हेल्मुट झीस यांनी १९८५ साली याच असमतोलाच्या अर्थाने रूढ केली.

प्राणवायू परत येण्यात धोका का असावा, याचा उलगडा प्रथम वैद्यकातून झाला. आतड्याचा वा हृदयाचा रक्तपुरवठा काही काळ तोडला आणि मग पूर्ववत सुरू केला, तर पुष्कळशी इजा पुरवठा पूर्ववत झाल्यानंतर होते. मांजराच्या आतड्यावरील १९८१ सालच्या प्रयोगांत सुपरऑक्साइड डिसम्युटेज आधीच टोचून ठेवल्यास ही इजा कमी होते असे आढळले, आणि दोष मूलकांकडे जातो हे स्पष्ट झाले. त्याचे एक कारण २०१४ साली अधिक नेमकेपणाने पुढे आले. प्राणवायू नसताना पेशीत सक्सिनेट हे द्रव्य साचत जाते. प्राणवायू परतताच तंतुकणिका या साचलेल्या सक्सिनेटवर तुटून पडतात. इलेक्ट्रॉनांची इतकी गर्दी होते की ते काही अंशी उलट्या दिशेने लोटले जातात, आणि त्या उलट्या प्रवाहात सुपरऑक्साइडचा लोंढा निघतो. धरणाचे दरवाजे एकदम उघडल्यावर ओढ्यांच्या मुखाशी पाणी मागे फिरते, तसाच हा प्रकार. उंदराच्या वा माणसाच्या हृदयास हा लोंढा काही मिनिटांतच घातक ठरतो.

मग जे प्राणी तासन्‌तास, प्रसंगी महिनोन्‌महिने, प्राणवायूवाचून किंवा अत्यल्प प्राणवायूवर राहतात, त्यांचे काय होते? पूर्वीची अपेक्षा अशी होती की, प्राणवायू कमी म्हणजे मूलक कमी. मूलक कमी म्हणजे विकरांची गरज कमी. आणि शक्तीची टंचाई असताना प्राणी अनावश्यक विकरे कशाला राखील? काटकसरीचा हा तर्क ऐकण्यास निर्दोष आहे. प्रयोगाने तो उलटा पाडला.

कॅनडातील ओटावा येथे केनेथ स्टोरी यांच्या प्रयोगशाळेत ब्राझीलचे मार्सेलो हेर्मेस-लिमा यांनी १९९३ साली गार्टर जातीच्या सापावर केलेले काम येथे प्रारंभस्थानी आहे. हा साप थंडीत गोठण्याच्या सीमेपर्यंत जातो. त्यास ५ अंश सेल्सियस तापमानात दहा तास प्राणवायूवाचून ठेवले, तेव्हा त्याच्या यकृतातील सुपरऑक्साइड डिसम्युटेजची क्रियाशीलता दुपटीहून अधिक झाली. प्राणवायू नसताना प्राणवायूच्या मूलकाचे निराकरण करणारे विकर वाढावे, ही घटना मोठी चमत्कारिक होती. १९९६ साली लेपर्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेडकावर तीस तासांचा असाच प्रयोग झाला. त्यातही हृदय, स्नायू व मेंदू यांतील काही विकरे वाढलेली आढळली, आणि प्राणवायू परत दिल्यावर मेदांच्या ऑक्सिडीकरणात वाढ झाली नाही. २००१ साली व्होलोदिमिर लुश्चाक व त्यांचे सहकारी यांनी गोल्डफिशची, म्हणजे घरोघरी काचेच्या पेटीत ठेवल्या जाणाऱ्या त्या सोनेरी माशाची, परीक्षा केली. आठ तास प्राणवायू न मिळालेल्या माशाच्या यकृतातील कॅटालेज सुमारे ३८ टक्क्यांनी आणि मेंदूतील ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज सुमारे ७९ टक्क्यांनी वाढले. याही माशात प्राणवायू परतल्यावर मेदांच्या ऑक्सिडीकरणाच्या खुणा काही काळ दिसल्या. परंतु मासा जगला. संरक्षण याचा अर्थ इजाच न होणे असा नसून, झालेली इजा भरून निघण्याच्या मर्यादेत राहणे असा घ्यावयाचा, हे या प्रयोगावरून लक्षात येते.

या सर्व निरीक्षणांस १९९८ साली एक नाव मिळाले : ‘ऑक्सिडीकारक ताणाची पूर्वतयारी’. नाव सुटसुटीत आहे व ते रूढही झाले. तथापि त्यावर एक आक्षेप घेणे भाग आहे, आणि तो व्याकरणाचा आहे. ‘तयारी’ या क्रियेस हेतू बाळगणारा कर्ता लागतो. पावसाळ्यापूर्वी शेतकरी तयारी करतो, परीक्षेपूर्वी विद्यार्थी करतो. दगड तापण्याची तयारी करतो असे कोणी म्हणत नाही. ‘बेडूक पूर्वतयारी करतो’ असे वाक्य लिहिताच बेडकाच्या यकृतास भविष्यज्ञान बहाल केले जाते, आणि वाचकाचे समाधान होऊन कारणाचा शोध तेथेच थांबतो. वास्तविक ज्यास तयारी म्हटले आहे ती एक प्रतिक्रिया आहे, आणि प्रतिक्रिया म्हटली की तिला वर्तमानातील कारण हवे. यकृतातील पेशीला उद्याचा प्राणवायू कळत नाही. आजचे काय कळते, हा खरा प्रश्न होय.

त्याचे उत्तर आश्चर्यकारक असले तरी कळण्यास कठीण नाही. प्राणवायू अगदी शून्यावर न जाता केवळ कमी झाला, तर मूलकांची निर्मिती कमी होण्याऐवजी काही स्थानी वाढते. इलेक्ट्रॉन घेण्यास शेवटच्या टप्प्यावर पुरेसा प्राणवायू नसल्याने ते मधल्या टप्प्यांवर तुंबतात, आणि तुंबलेला इलेक्ट्रॉन निसटण्याचा संभव अधिक असतो. विशेषतः तंतुकणिकेतील तिसऱ्या टप्प्यावर असे घडते, हे १९९८ नंतरच्या प्रयोगांत दिसून आले. या अल्पशा गळतीने पेशीची हानी होत नाही, पण तिच्यातील एक संवेदक जागा होतो. केॲप नावाचे एक प्रथिन एरवी एनआरएफ-२ या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवते व त्याचा नाश घडवून आणते. केॲपमधील गंधकयुक्त गट मूलकांच्या वा पेरॉक्साइडच्या संपर्काने पालटले की त्याची पकड सैल होते. सुटलेले एनआरएफ-२ पेशीकेंद्रात जाऊन ग्लुटाथायोन व त्याच्याशी संबद्ध विकरे निर्माण करणाऱ्या जनुकांना चालना देते. याला समांतर असा दुसरा मार्ग प्राणवायूच्या उणिवेचीच जाणीव ठेवतो. ज्यासाठी ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ व विल्यम केलिन यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तो हा मार्ग. जनुकांना चालना देऊन नवे प्रथिन घडवणे खर्चाचे काम असल्यामुळे काही प्राणी असलेल्याच विकरांवर फॉस्फेटसारखे गट चढवून वा उतरवून त्यांची क्रियाशीलता बदलतात, असेही आढळले आहे. अशा रीतीने भविष्याचे ज्ञान न मानताही ‘पूर्वतयारी’चा उलगडा होतो : उणिवेत होणारी थोडीशी गळती ही पुढे येणाऱ्या मोठ्या लोंढ्याविरुद्धच्या संरक्षणास जागे करते. नाव बदलण्याची आता सोय नाही. अर्थ मात्र एवढाच घ्यावा.

हा उलगडा सर्वत्र सारखा लागू पडतो असे समजणे चुकीचे होईल. प्राणवायू पूर्णपणे नाहीसा झाला, तर त्याचा मूलक तरी कोठून यावा, ही शंका रास्त आहे आणि तिचे पूर्ण निरसन झालेले नाही. शून्याकडे जातानाचा मधला काळ पुरेसा असावा, असे काहींचे मत आहे. शिवाय अपवाद आहेत. लाल कानपट्टीचे अमेरिकन कासव, जे भारतातही शोभेचा प्राणी म्हणून विकले जाते, थंड पाण्याच्या तळाशी आठवडेच्या आठवडे प्राणवायूवाचून काढते. पण त्या अवस्थेत त्याची कित्येक विकरे वाढण्याऐवजी घटतात. तरीही त्याच्या ऊतींत लक्षणीय इजा आढळत नाही, कारण त्याचा पाया मुळातच उंच आहे. बेडकासारख्या प्राण्यांच्या मानाने त्याची नित्याची विकरपातळी अधिक असते, आणि मेंदूत क जीवनसत्त्वाचा साठाही मोठा असतो. एकाने चाहूल लागताच कवाडे लावावीत, दुसऱ्याने ती कधी उघडूच नयेत, असा हा दोन रीतींतील भेद.

उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातील फावडेपायी भेकाचे उदाहरण याहून अवघड आहे. हा भेक उन्हाळ्यात जमिनीखाली निद्रिस्त असतो. दोन महिन्यांच्या निद्रेनंतर त्याच्या बहुतेक ऊतींतील विकरे घटलेली व मेदांचे ऑक्सिडीकरण वाढलेले आढळले. हा १९९८ सालचा निष्कर्ष ‘पूर्वतयारी’च्या पुरस्कर्त्यांना अडचणीचा ठरला. उलट, ब्राझीलच्या काटिंगा या कोरड्या प्रदेशात नैसर्गिक निद्रेत असलेल्या एका बेडकाच्या स्नायूंत संरक्षणाची वाढ झाल्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. फरक जातीचा आहे, निद्रेच्या मुदतीचा आहे, की प्रयोगशाळा आणि रान यांतला आहे, हे ठरवण्यास आणखी उदाहरणे हवीत. आणि ती महाराष्ट्रात विपुल आहेत. दख्खनच्या पठारावरील बिळे करून राहणारे बेडूक कोरड्या ऋतूत मातीखाली असतात आणि पहिल्या मोठ्या पावसाबरोबर वर येतात. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्ताच्या कर्त्याने वर्षभर मौन धरून पर्जन्याबरोबर बोलू लागणाऱ्या बेडकांची व्रतस्थ ब्राह्मणांशी तुलना केली आहे. निद्रा आणि जागृती यांचे ते निरीक्षण अचूक आहे. ज्या रात्री हा घोष सुरू होतो, त्या रात्री बेडकाचा प्राणवायूचा वापर निद्रावस्थेच्या कित्येक पटींनी वाढलेला असतो, आणि मूलकांच्या दृष्टीने तीच त्याची कसोटीची घटका असते.

कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरील कालवे व शिंपले यांना ही कसोटी भरती-ओहोटीच्या प्रत्येक फेऱ्यात द्यावी लागते. ओहोटीला शिंपला मिटतो, आतला प्राणवायू संपत जातो. भरतीला तो उघडतो व प्राणवायू परत येतो. ब्राझीलच्या किनाऱ्यावरील शिंपल्यांत या फेऱ्याबरोबर विकरांचीही चढउतार होते असे आढळले आहे.

एवढ्या विवेचनानंतर मुठेकडे परत वळता येते. हवेच्या एका लिटरमध्ये प्राणवायू सुमारे २७० ते २८० मिलिग्रॅम असतो; २५ अंश सेल्सियस तापमानाच्या गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये तो संपृक्त अवस्थेतही ८ मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळतो, आणि पाणी तापले की त्याहून कमी. म्हणजे स्वच्छ पाण्यातील मासासुद्धा माणसाच्या तीसपट दारिद्र्यात राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मत्स्यजीवनास योग्य अशा पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा असे म्हटले आहे. सांडपाण्याने पोसलेल्या नदीत हा आकडा स्थिर नसतो. दिवसा शैवाल प्राणवायू निर्माण करते, आणि भर दुपारी पाणी संपृक्ततेच्याही वर जाऊ शकते. रात्री तेच शैवाल आणि तळाच्या गाळातील जिवाणू तो खातात, आणि सूर्योदयापूर्वी तो नीचांकास पोहोचतो. जेथे जलपर्णीचा थर दाट असतो, तेथे तिच्या सावलीत दिवसाची भरही पुरेशी पडत नाही. याशिवाय ऋतूचा मोठा फेरा आहेच. पहिल्या पावसाने तळाचा गाळ ढवळला जाऊन प्राणवायू एकाएकी घसरतो; मासे मरून तरंगल्याच्या वार्ता बहुधा याच सुमाराच्या असतात. पुढे धरणातून विसर्ग सुरू झाला की प्राणवायूने युक्त पाण्याचा लोट येतो. कर्वेनगरच्या काठाखालचा मासा अशा रीतीने रोज एक लहान आणि वर्षातून एक मोठे पुनरागमन अनुभवतो.

हे सोसणारे मासे कोणते? कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स यांनी दख्खनच्या माशांवरील आपला निबंध १८४१ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी कोळ्यांच्या तोंडची मराठी नावेच कित्येक जातींच्या शास्त्रीय नावांत घातली. शिंघाळ्याचे ‘सीनघाला’ आजही प्राणिशास्त्राच्या लॅटिनमध्ये नांदत आहे. मराठी शब्द लॅटिन होऊन राहिला आणि नदीतील वस्ती पालटली, असा हा प्रकार. १९४२ साली फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी प्रसिद्ध केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी जुन्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा काही देशी जाती आढळेनाशा झाल्याचे आणि परदेशी जातींनी शिरकाव केल्याचे दिसले. १९५२ साली भारतात आणलेली टिलापिया, जिला भीमेच्या काठचे मासेविक्रेते चिलापी म्हणतात, ही त्यांपैकी सर्वांत यशस्वी होय. उणीव सोसण्याची तिची शक्ती तिच्या यशाच्या कारणांपैकी एक आहे. देशी जातींत मरळ व तिचे भाऊबंद टिकाव धरतात, कारण कल्ल्यांच्या वर असलेल्या पोकळीत ते पृष्ठभागावरची हवा घेतात. अशा माशाचा प्रश्न उलटा असतो. तो हवा घेतो म्हणजे भरपूर प्राणवायू एकाएकी आत घेतो; त्यास पुनरागमन दिवसातून शेकडो वेळा घडते. त्याच्या संरक्षणव्यवस्थेची तुलना केवळ कल्ल्यांवर जगणाऱ्या माशाशी सरळ रीतीने करता येत नाही, हे उघड आहे.

आणि येथेच या विषयाची व्यावहारिक बाजू पुढे येते. नद्यांच्या प्रदूषणाचा माग काढण्यासाठी माशांच्या यकृतातील वा कल्ल्यांतील कॅटालेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज व मेदांचे ऑक्सिडीकरण मोजण्याची पद्धत विद्यापीठांतून रूढ आहे. पदव्युत्तर प्रबंधांचा तो एक आवडता विषय झाला आहे. वरच्या अंगास स्वच्छ पाण्यातला मासा घ्यावयाचा, खालच्या अंगास घाण पाण्यातला घ्यावयाचा, विकर वाढलेले दिसले की जड धातूंचा किंवा कीटकनाशकांचा परिणाम म्हणून नोंद करावयाची. प्रस्तुत विवेचन मान्य केल्यास या अनुमानातील त्रुटी लपत नाही. धातूही तेच विकर वाढवतो आणि प्राणवायूची उणीवही तेच वाढवते; सांडपाण्याच्या नदीत दोन्ही एकत्र असतात. वाढलेले विकर हे आजाराचे लक्षण आहे की निकोप प्रतिक्रियेचे, हे आकड्यावरून कळत नाही. घटलेले विकर हे निर्धास्तपणाचे की थकव्याचे, हेही कळत नाही. कासवाचे उदाहरण आठवले तर घट म्हणजे हानी असे तर मुळीच म्हणता येत नाही.

याचा अर्थ ही मोजणी व्यर्थ आहे असा नव्हे. तिला काळाची जोड हवी. एकाच स्थानी, एकाच जातीचे मासे सूर्योदयापूर्वी, सूर्योदयानंतर दोनेक तासांनी आणि तिसऱ्या प्रहरी असे तीन वेळा घ्यावेत, आणि त्या प्रत्येक वेळी पाण्यातील प्राणवायू व तापमान मोजावे. विकर पहाटे वर जाऊन दुपारी खाली येत असेल, किंवा विकर स्थिर राहून मेदांच्या ऑक्सिडीकरणाच्या खुणाच सकाळी वाढत असतील, तर त्यांचा संबंध प्राणवायूच्या आवर्तनाशी जोडता येईल. दिवसभर सारखेच चढलेले विकर निराळ्या कारणाकडे लक्ष वेधील, मात्र संथपणे साचलेला परिणाम आणि जातीची मूळची उंच पातळी यांत भेद करण्यासाठी वरच्या अंगाचे मासेही त्याच तीन वेळी घेतलेले असले पाहिजेत. दुपारी अकराच्या सुमारास घेतलेल्या पाण्याच्या एका नमुन्यावरून यांतील काहीच सांगता येत नाही. त्या वेळी आकडा चांगला असतो आणि मासा सकाळच्या इजेची भरपाई करीत असतो.

आणखी एक खबरदारी क्षुल्लक वाटली तरी निर्णायक आहे. पकडलेला मासा बादलीत घालून प्रयोगशाळेपर्यंत नेण्याची चाल आहे. झाकलेल्या बादलीतील पाण्याचा प्राणवायू अर्ध्या-पाऊण तासात उतरतो, आणि प्रयोगशाळेत पोहोचताच हवेचा फवारा सुरू केला की तो एकदम वर येतो. अशा माशाच्या यकृतात जे मोजले जाईल ते बादलीचे वर्तन असेल, नदीचे नव्हे. ऊतक काठावरच काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवावे लागते, आणि मासा जाळ्यात अडकल्यापासून गोठवण्यापर्यंत किती मिनिटे गेली याची नोंद आकड्याशेजारी असावी लागते.